लेबल कोणाशी बोलतं?

घरात मधुमेहाचं कोणी असेल तर कपाटात ती छोटी डबी असतेच. तिच्यातली एक पट्टी काढायची, ग्लुकोमीटरमध्ये खोचायची, बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब लावायचा. काही सेकंदांत आकडा येतो आणि पट्टी कचऱ्यात जाते. ही पट्टी म्हणजे छापलेलं इलेक्ट्रॉनिक उपकरण आहे, हे सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही. प्लास्टिकच्या तुकड्यावर कार्बनच्या किंवा चांदीच्या शाईने रेषा छापलेल्या असतात, त्यांच्यावर एका एन्झाइमचा थर असतो. रक्तातल्या साखरेशी त्याची क्रिया झाली की रेषांमधून अगदी क्षीण वीज वाहते आणि मीटर ती मोजतो. अशा पट्टीवर चालणारा पहिला मीटर १९८७ मध्ये बाजारात आला. छपाईची पद्धत म्हणाल तर स्क्रीन प्रिंटिंग. लग्नपत्रिका आणि मंडळाच्या टी-शर्टवरचा गणपती जिने छापतात तीच: ताणून बसवलेली जाळी, वर शाई, आणि ती ओढायला रबरी पट्टी.

इलेक्ट्रॉनिक्स म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिरवी कडक पाटी येते, तिच्यावर तांब्याच्या वाटा. ती बनवताना आधी सगळ्या पाटीवर तांब्याचा पातळ पत्रा चढवतात आणि नको असलेलं तांबं रसायनाने खाऊन टाकतात. छपाईत उलटं आहे. जिथून वीज जायला हवी तिथेच शाई पडते. शाईत चांदीचे बारीक कण असतात. छापून झाल्यावर तापवून सुकवायचं, मधलं द्रावण उडून जातं, कण एकमेकांना भिडतात आणि रेषेची तार होते. खाली कागद चालतो, प्लास्टिकची फिल्म चालते, कापडही चालतं. वाकवा, गुंडाळा, चिकटवा. वर्तमानपत्र छापतात तसं एका रिळावरून दुसऱ्या रिळावर पळवतही छापता येतं. छपरावरच्या सोलर पॅनेलवर ज्या बारीक चंदेरी रेघा दिसतात त्याही छापलेल्याच. अशा वीजवाहक पेस्ट आपल्याकडेही बनतात. पुण्यात पाषाण रस्त्यावर केंद्र सरकारची सी-मेट ही संस्था आहे, तिथे या विषयावर वर्षानुवर्षं काम चाललंय.

गाडीच्या काचेवरचा फास्टॅग याच घराण्यातला. त्याच्या पोटात पातळ धातूची अँटेना असते. अशा अँटेना कधी ॲल्युमिनियममधून कोरतात, कधी चांदीच्या शाईने छापतात. मधोमध मोहरीच्या दाण्याहून लहान चिप असते, ती मात्र वेगळी बनवून बसवावी लागते. बॅटरी नाही. टोल नाक्यावरचं यंत्र रेडिओलहरी सोडतं, त्या लहरींतूनच चिपला घोटभर वीज मिळते, ती आपला नंबर सांगते आणि पुन्हा गप्प होते. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सगळ्यांना सक्तीचा झाला आणि आपण त्याच्याकडे बघायचंही सोडून दिलं. अशा लेबलाला आता तापमान, ओलावा, एखादा वायू ओळखणाऱ्या छापील रेषा जोडता येतात. घाऊक घेतलं तर साधं रेडिओ-लेबल काही रुपयांत मिळतं.

हे सगळं फार हुशारीचं आहे आणि मला मनापासून आवडतं. प्रश्न पडतो तो त्या 'काही रुपयां'पाशी. एखादी गोष्ट इतकी स्वस्त झाली की ती कुठे लावायची हे कोणी ठरवत नाही, ती सगळीकडे लागते. आणि मग ती काय काय करते आहे हे आपल्याला उशिरा कळतं.

हे रत्नागिरीत आणून बघू, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही.

ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतला हापूस तोच 'हापूस', असं कायद्याने ठरलं. पण कायदा पेटीवर बसून मुंबईला जात नाही. कर्नाटकातला दिसायला तसाच आंबा 'रत्नागिरी' किंवा 'देवगड' छापलेल्या पेटीत घालून विकणं हा जुना धंदा आहे आणि मार्केटमध्ये जाणाऱ्या कोणालाही तो ठाऊक असतो. म्हणून आधी पेट्यांवर क्यूआर कोड आले. २०२५ च्या हंगामात देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने त्याच्या पुढचं पाऊल टाकलं: प्रत्येक फळाला स्वतंत्र क्रमांकाचं स्टिकर, एकदा काढलं की पुन्हा न चिकटणारं. शेतकऱ्याला स्टिकर मिळणार ती त्याच्या झाडांच्या हिशेबात. गिऱ्हाइकाने स्टिकरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि खरं-खोटं तपासायचं.

यात इलेक्ट्रॉनिक काही नाही, नुसती छपाई आहे. पण पुढची पायरी दिसायला दुर्बीण लागत नाही. उद्या त्या जागी छापील अँटेनाचं लेबल येईल, परवा त्यात तापमानाची नोंद, मग पिकताना फळातून निघणाऱ्या इथिलीनची. इथिलीन ओळखणारे छापील संवेदक प्रयोगशाळांमध्ये बनलेले आहेत. पेटी कधी भरली, किती वाजता ट्रकमध्ये चढली, कशेडी घाटात किती तास उभी राहिली, वाशीला पोचेपर्यंत किती तापली, आत कार्बाइडची पुडी घातली का, हे सगळं पेटीच सांगेल. कार्बाइडने आंबा पिकवायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे आणि तरीही तो पिकवला जातो, त्यामुळे या शेवटच्या गोष्टीचं मोल मी कमी लेखणार नाही.

मग बिघडतं कुठे?

मराठीत दोन शब्द आहेत, खात्री आणि विश्वास. रोजच्या बोलण्यात आपण ते एकमेकांच्या जागी सहज वापरतो, पण त्यांचं वागणं वेगळं आहे. खात्री 'करून घेतात'. विश्वास 'ठेवतात' किंवा 'टाकतात'. खात्री करून घेतली की माझं काम झालं, समोरचा माणूस कसा आहे याच्याशी मला कर्तव्य नाही. विश्वास टाकताना मी काहीतरी दुसऱ्याच्या हातात देतो आणि तो ते पाडूही शकतो. ॲनेट बायर या तत्त्वचिंतक बाईंनी १९८६ मध्ये विश्वासावर एक गाजलेला निबंध लिहिला. त्यात त्यांनी विश्वासाच्या मुळाशी हेच ठेवलं: दुसरा आपलं वाईट करू शकेल अशा जागी आपण आपल्याला उभं करतो, आणि तो तसं करणार नाही असं धरून चालतो.

लेबल खात्री देतं. ते विश्वास देऊ शकत नाही, आणि कधीकधी विश्वासाची जागाच खाऊन टाकतं. ज्या घरी गेली वीस वर्षं एकाच बागायतदाराकडून पेटी येते, तिथे पेटी उघडल्यावर दोन आंबे डागी निघाले तर फोन जातो आणि पुढच्या खेपेला चार जास्त येतात. हा व्यवहार पैशाचाच आहे, त्याला उगाच सोवळं नेसवायला नको. पण त्यात दोन माणसं एकमेकांना बांधलेली आहेत. लेबल लावल्यावर बागायतदार लेबलाला बांधील होतो. लेबल हिरवं असेल तर त्याची जबाबदारी संपली.

आणि हापूसच्या बाबतीत तर लेबलाची मर्यादा फळातच आहे. साका. वरून सोन्यासारखा, वासाला अप्रतिम, आणि कापला की गराचा एक भाग फिक्कट, स्पंजासारखा, आंबट. तो बाहेरून दिसत नाही. सालीवर चिकटवलेल्या छापील रेषेला तर तो मुळीच दिसायचा नाही. जिथे खात्री पोचत नाही तिथे अजूनही 'साका निघाला तर सांगा हां' असं म्हणणारा माणूसच लागतो.

तरी एवढ्यावर मी लेबलाच्या विरोधात उभा राहणार नाही. वीस वर्षांची ओळख ही चैन आहे. पुण्यात किंवा बंगळुरूत नोकरीसाठी खोली घेऊन राहणाऱ्या, ॲपवरून डझनभर आंबे मागवणाऱ्या मुलीने विश्वास टाकायचा तो कोणावर? तिला खात्रीच हवी आणि ती मिळण्याचा तिला हक्क आहे. ज्या शेतकऱ्याने थ्रिप्सवर फवारण्या करून, अवकाळी पावसात गळून उरलेला माल पेटीत घातला, त्याच्या नावावर दुसऱ्याचं फळ विकलं जाऊ नये, हाही हक्कच. 'माणुसकी'च्या नावाने ही फसवणूक चालू ठेवा असं म्हणणं हा भोंदूपणा झाला.

माझी खरी अडचण वेगळी आहे आणि ती समजावायला मला आंब्याच्या बागेतून थिबा पॅलेसकडे जावं लागेल.

ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो इथेच वारला. तीस वर्षं. त्याच्या देखरेखीला सरकारने खास पोलीस अधिकारी ठेवलेला असे. राजा काय करतो, काय विकतो, कोणाला भेटतो याचे कागद वर जात. एका माणसावर नजर ठेवायची तर एक अधिकारी, त्याचा पगार, शिपाई, कारकून, टपाल. राजा होता म्हणून एवढा खर्च परवडला. त्याच रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरावर मासे विकणाऱ्या बाईवर सरकारने असा अधिकारी नेमला नाही. तिच्या खाजगीपणाबद्दल इंग्रजांना आदर होता म्हणून नव्हे. परवडत नव्हतं म्हणून.

माणसाच्या इतिहासात सामान्य माणसाचं बरंचसं स्वातंत्र्य असंच टिकून राहिलं, कोणाच्या तत्त्वामुळे नाही, तर पाळत महाग होती म्हणून. आपण तिला कधी कुंपण घातलं नाही कारण तिच्या खिशानेच ते घातलं होतं. छापील इलेक्ट्रॉनिक्स त्या कुंपणाची किंमत काही रुपयांवर आणतं. आता कोणावर नजर ठेवायची आणि कोणावर नाही, हे पहिल्यांदाच आपल्याला विचार करून ठरवावं लागणार आहे. आणि विचार न करता ठरलं तर काय होतं याचा अंदाज पेटीवरून घेता येतो.

पेटीतलं लेबल कोणाबद्दल बोलेल? झाडावर चढून झेल्याने आंबा उतरवणाऱ्या गड्याबद्दल: देठ किती ठेवला, माल उन्हात किती वेळ राहिला. बागेत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबाबद्दल, कारण रत्नागिरीतल्या कितीतरी बागा आज त्यांच्या जिवावर उभ्या आहेत. ट्रक ड्रायव्हरबद्दल: कुठे थांबला, किती वेळ, ताडपत्री टाकली होती का. मग पेटी वाशीच्या फळबाजारात पोचते आणि तिथे लेबल अचानक मुकं होतं. भाव कसा ठरला, दलालीशिवाय आणखी काय कापलं गेलं, शेतकऱ्याच्या पट्टीवरचा आकडा आणि किरकोळ विक्रीचा आकडा यांत किती अंतर पडलं, हे त्या लेबलाला माहीत नसतं आणि कोणी ते त्याच्यात घालणारही नाही. याच बाजारात वर्षानुवर्षं हत्ता पद्धतीने सौदे झाले. रुमालाखाली हात घालायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा, आजूबाजूच्या कोणालाही कळू न देता. एका टोकाला रुमाल, दुसऱ्या टोकाला ड्रायव्हरच्या चहाच्या मिनिटांचीही नोंद.

यात कोणाचा कट नाही. लेबल विकत घेणारा ठरवतो की त्याने काय मोजायचं, आणि विकत घेणारा साखळीत नेहमी वरच्या बाजूला असतो. त्यामुळे नजर आपोआप खाली जाते. उताराला पाणी जावं तशी.

याच्या उलट उदाहरण आहे, आणि ते तंत्रज्ञानाच्या बाहेरचं नाही, त्याच छपाईतलं आहे. पोलिओच्या लसीच्या कुपीवर एक जांभळट गोल आणि त्याच्या आत फिकट चौकोन असतो. १९९६ पासून तो जगभर वापरात आला. चौकोनावर उष्णतेने गडद होणारा रंग छापलेला असतो. कुपी तापत गेली की चौकोन गडद होत जातो, आणि तो गोलाइतका गडद झाला की ती लस वापरायची नाही. बॅटरी नाही, चिप नाही, नंबर नाही. कोकणातल्या वाडीवस्तीवर थंड पेटी खांद्याला लावून चालत गेलेल्या आरोग्यसेविकेला तो चौकोन सांगतो की ही कुपी अजून चांगली आहे. तिला सांगतो. तिच्याबद्दल कोणाला सांगत नाही. १३ जानेवारी २०११ नंतर भारतात रानटी पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण सापडलेला नाही, आणि तिथवर पोचवणाऱ्या लाखो थेंबांमध्ये या छापील चौकोनाचा वाटा आहे.

ग्लुकोमीटरची पट्टीही तशीच. आकडा आजीला दिसतो. तिने काल लपवून श्रीखंड खाल्लं हे आजी, पट्टी आणि फार तर सून यांच्यातच राहतं. आता दंडावर चिकटवायचे साखरमापक आलेत, ते दिवसरात्र मोजतात आणि आकडे थेट फोनवर पाठवतात. ज्यांना इन्सुलिन घ्यावं लागतं त्यांच्यासाठी ते वरदानच आहे. पण फोनवरून तो आकडा पुढे कुठे जातो, हे विचारायला हवं, कारण उद्या विमा कंपनीला त्या श्रीखंडात रस असू शकतो.

म्हणजे 'वस्तूला बोलतं करावं की नाही' हा प्रश्न मला थोडा चुकीच्या ठिकाणी ठेवलेला वाटतो. वस्तू बोलू द्यावी. ती कोणाशी बोलते आणि कोणाबद्दल बोलते, नैतिक प्रश्न तिथे आहे. हातात धरणाऱ्याशी वस्तूबद्दल बोलणारं लेबल हे एक अवजार आहे, तागडीसारखं. दूरच्या मालकाशी, हातात धरणाऱ्याबद्दल बोलणारं लेबल हा मुकादम आहे. दोन्ही छापायला तीच शाई लागते.

मग ड्रायव्हरला पेटी किती तापली हे आधी कळू दे की! केबिनमध्ये एक छोटा दिवा. तो लाल झाला की तो ताडपत्री नीट करेल, सावलीत थांबेल. बहुतेक माणसांना आपलं काम बिघडू द्यायचं नसतं. लाल दिव्याची बातमी त्याच्याआधी वाशीला पोचली तर मात्र तो दिव्याला चकवायला शिकेल, आणि ते शिकल्याबद्दल मी त्याला दोष देणार नाही.

आणखी एक गोष्ट, ती फारशी बोलली जात नाही. अशी लेबलं एकटी बोलत नाहीत, त्यांना मागे कोणीतरी ऐकणारं लागतं. २०१५ मध्ये थिनफिल्म या नॉर्वेच्या कंपनीने जॉनी वॉकरच्या महागड्या बाटलीसाठी छापील लेबल दाखवलं होतं. फोन जवळ नेला की बाटलीचं सील शाबूत आहे की उघडलंय ते कळायचं. तेव्हा फार कौतुक झालं. पुढे चार-पाच वर्षांत कंपनीने हा धंदा सोडला, बारीक बॅटऱ्यांकडे वळली, नावही बदललं. बाटलीवर सही करणारा नोटरीच गाव सोडून गेला. देवगडच्या शेतकऱ्याने आपली पत अशा एका सर्व्हरवर ठेवली तर तो सर्व्हर किती हंगाम चालू राहील, हे विचारणं म्हणजे मागासलेपणा नव्हे. कलमं लावणारा माणूस पन्नास वर्षांचा हिशेब करत असतो. सहकारी संस्थेच्या हातात ही व्यवस्था असणं मला म्हणूनच बरं वाटतं, कारण तिथे निदान वार्षिक सभेत उठून भांडता येतं.

राहता राहिली शाई. चांदीच्या आयनांनी जिवाणू मरतात, म्हणून तर जखमेच्या मलमात चांदी घालतात. तीच चांदी मातीत आणि पाण्यात गेली तर तिथल्या जिवाणूंनाही सोडत नाही. एका लेबलात ती नगण्य असते. पण लेबल लावायचं ते लाखो पेट्यांवर, आणि पुढे फळाफळावर. आमच्याकडे आंबा खाऊन झाला की साल आणि बाठा गायरीत जातो, आणि ते खत पुन्हा कलमांच्या मुळाशी. सालीवरचं स्टिकर कोण सोलून वेगळं ठेवतो? कागदावर छापलेलं, मातीत विरघळणारं, कार्बनच्या शाईवर भागणारं लेबल बनवता येतं का, यावर जगभर काम चालू आहे. ते महाग पडेल तोवर चांदी आणि प्लास्टिक गायरीत जातच राहणार.

शाईत काय आहे हा प्रश्न मराठी छपाईला नवा नाही. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत पहिलं मराठी पंचांग छापलं. तेव्हा छापील कागद सोवळ्यात चालत नसे, कारण शाईत जनावराची चरबी असते अशी लोकांची तक्रार होती. आपण या गोष्टीला हसतो. पण त्या लोकांना छापणारा कोण ते माहीत होतं, त्याचा छापखाना त्यांच्याच शहरात होता, आणि आपल्या हातात येणाऱ्या वस्तूत काय घातलंय हे त्यांनी त्याला विचारलं. सांगतात की गणपत कृष्णाजींनी मग चरबीऐवजी तूप घालून शाई केली.